थंडीची हमी

काकाजी माझ्याशी बोलले ते पहिलं वाक्य होतं, "श्वास सोडू नका."

नोव्हेंबर सरत आला होता. बुलढाण्याच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात मी नुकतीच शिकवायला लागले होते आणि राहायला खोली शोधत वणवण फिरत होते. कुणीतरी सांगितलं, देऊळघाटच्या बाजूला डोंगराच्या कडेवर एक घर आहे, हिवाळ्यात पाहुणे ठेवतात, मागची खोली वर्षभरासाठी देतील. मी सकाळी साडेआठला तिथे पोचले, तर अंगणात सात-आठ माणसं ब्लँकेटं पांघरून गुपचूप उभी. त्यांच्यापुढे, बऱ्याच अंतरावर, चार पायांवर उभी असलेली एक पांढरी लाकडी पेटी, चारी बाजूंनी खिडकीसारख्या झडपा असलेली. आणि पेटीसमोर नाकातोंडाला गमछा बांधलेला एक उंच, वाळका म्हातारा. मी "नमस्कार, ती खोली..." एवढंच म्हणाले. त्याने मागे वळूनही न बघता एक हात वर केला.

"श्वास सोडू नका. सोडाचा असन तं दहा पावलं मांगं जा. आकडा बिघडते."

मी खरोखर श्वास रोखून धरला. म्हाताऱ्याने पेटीचं दार उघडलं, गुडघे किंचित वाकवून डोळे आतल्या नळीच्या अगदी समोर आणले, दार लावलं, काखेतल्या लाल कापडाच्या वहीत काहीतरी लिहिलं, मग ओटीवरच्या काळ्या फळ्यावर खडूने मोठ्या अक्षरांत लिहिलं: ९.२. ब्लँकेटं पांघरलेल्या मंडळींनी चक्क टाळ्या वाजवल्या. स्वयंपाकघरातून एक बाईमाणूस ओरडलं, "लागला का आकडा? मंग या बाप्पा, भाकरी गार होऊन राह्यल्या!"

खोली मला मिळाली. या घरात फळ्यावर आकडा लागल्याशिवाय नाश्ता मिळत नसे. आमच्याकडे आकडा लागणं म्हणजे वेगळाच धंदा, त्यामुळे पहिले दोन दिवस मी जरा जपूनच होते.

काकाजींनी तीस वर्षं एका धरणावर पाऊस मोजला होता. रोज सकाळी साडेआठला मापकातलं पाणी काचेच्या नळीत ओतायचं, आकडा वाचायचा, वहीत लिहायचा. पाऊस नसला तरी शून्य लिहायला जायचं. "शून्यबी नोंद असते," ते सांगायचे. "लोकायले वाटते, काहीच नाही तं कायले जाचं. अन् मंग एक दिवस खरंच काही राहत नाही." निवृत्त झाल्यावर त्यांनी डोंगराच्या कडेला आपल्या खडकाळ तुकड्यावर, जिथे सीताफळाशिवाय काही उगवत नव्हतं, चार खोल्या बांधल्या. तापमापक ठेवायला सुताराकडून ती पांढरी पेटी करून घेतली. आणि फाटकावर एक पाटी लावली. ती मी इतक्या वेळा वाचली आहे की तोंडपाठ आहे.

"राहण्याची व नाश्त्याची सोय. डिसेंबर व जानेवारीत थंडीची हमी. आपल्या मुक्कामात पारा दहाच्या खाली न उतरल्यास पुन्हा यावे. तो मुक्काम आमच्याकडून."

डोंगरावर खोल्या काढणारे लोक सूर्यास्त दाखवतात, झोके टांगतात, हुरड्याबरोबर गाणी लावतात. या माणसाने थंडी विकायला काढली होती, तीही मोजून, हमीपत्रासकट. आणि गिऱ्हाईक मिळतही होतं. खाली नांदुरा, मलकापूर, खामगावकडे बारा महिन्यांतले दहा महिने अंगाची काहिली. तिथली माणसं शनिवारी घाट चढून वर यायची, शेकोटीशी बसून हुरडा खायची, तुरीच्या उकडलेल्या शेंगा सोलायची आणि सकाळी अंगणात कुडकुडत आकड्याची वाट बघायची. आकडा दहाच्या आत आला की खूश होऊन भाकरी, ओल्या तुरीच्या सोल्यांची भाजी आणि ठेच्यावर तुटून पडायची.

सगळ्यात मोठी गंमत म्हणजे काकूंना थंडी अजिबात सोसत नसे. तीन महिने त्या दोन स्वेटर, कानटोपी आणि चपलेत मोजे घालून चुलीला चिकटून असायच्या. गुडघे दुखायचे. काकाजी सकाळी अंगणात एक स्टीलचं ताट ठेवून त्यात पडलेलं दव मोजायचे, तेव्हा त्या मला म्हणायच्या, "पाह्य वं मॅडम, हा माणूस दव मोजते. माहा इतक्या वर्साचा घाम मोजला का यानं कधी?" काकाजी तेवढ्याच गंभीरपणे म्हणायचे, "त्याचं मापक नाही आपल्यापाशी."

अतिशयोक्ती त्यांना सोसत नसे. कुणी "लय थंडी हाय बाप्पा" म्हटलं की "आकडा?" एका लग्नात सूत्रसंचालकाने माईकवरून "हजारोंच्या संख्येने" म्हटलं, तर काकाजी जेवण सोडून मंडपभर फिरून आले आणि माझ्या कानाशी म्हणाले, "सहाशे बारा. वाढपी धरून." मला ताप आला तेव्हा काखेतला थर्मामीटर त्यांनी खिडकीच्या उजेडात धरून वाचला. "शंभर पॉइंट दोन. ताप नाही, कणकण हाय." आणि मग दिवसभर दर दोन तासांनी दारावर टकटक करून आकडा घेऊन जात राहिले. आई सोडून माझ्या तापाची एवढी काळजी कुणी केली नव्हती.

थंडीच्याही त्यांनी पायऱ्या केल्या होत्या. पंधराच्या आत आलं की गारवा. बाराच्या आत आलं की हीव. दहाच्या आत थंडी. आणि सातच्या आत आलं तर ते काहीच बोलत नसत, फक्त गमछा सोडून हसत. असा दिवस वर्षातून एखादाच.

पाहुण्यांत कुणी "आज पारा किती उतरला?" विचारलं की त्यांना राहवत नसे. "पाटीवर लोकायसाठी पारा लेहेला हाय. पण किमानच्या नळीत पारा नसतेच. स्पिरिट असते." एकदा अकोल्याच्या एका गृहस्थाने डोळा मारून विचारलं, "म्हणजे दारूच की काकाजी?" घरात बुद्धाच्या मूर्तीपुढे सकाळ-संध्याकाळ मेणबत्ती लावणारा, आयुष्यात थेंब न घेतलेला हा माणूस. ते म्हणाले, "हाव. या घरात एवढीच हाय. आन तिलेबी मी रोज मोजतो."

फळ्याचा फोटो काढून रोज सकाळी मोबाइलवर स्टेटसला लावायची कल्पना माझी. त्याचा पुढे मला फार पश्चात्ताप झाला, पण तेव्हा सगळ्यांनी माझं कौतुक केलं होतं. खालच्या गावांतले पन्नास-साठ नेहमीचे पाहुणे तो आकडा बघायचे आणि त्यावर शनिवारचा बेत ठरवायचे. काकाजी आकडा वाचून वहीत लिहायचे, मग फळ्यावर लिहायचे, मग दूध आणायला देऊळघाटला जायचे. मी फोटो काढून कॉलेजला पळायचे.

माझा दुसरा हिवाळा आला तो ढग घेऊनच. डिसेंबरभर आभाळ कोंदलेलं. तेरा, चौदा, साडेतेरा. काकाजी रोज पेटी उघडायचे, पोक काढून बघायचे आणि वहीत तेच लिहायचे. फोन यायचे, "काकाजी, हमी हाय ना?" "हमी हाय. थंडी नाही," ते खरं सांगायचे. मग कोण येणार?

आणि त्या वर्षी घर भरणं फार गरजेचं होतं. त्यांची एकुलती मुलगी पुण्याला नर्स आहे. तिला मी ताई म्हणते. आईचे गुडघे आणि वडिलांचा मोतीबिंदू या दोन गोष्टींनी तिची झोप उडाली होती. डोंगरावर दोन म्हातारी माणसं एकटी, दवाखाना लांब. दिवाळीत ती येऊन बजावून गेली होती, "बाबा, या हिवाळ्यात घर भरलं तर रहा. नाही भरलं तर संक्रांतीनंतर मी गाडी घेऊन येते. दोघंही पुण्याला चला." काकाजींनी कबूल केलं होतं. शब्द दिला होता. आणि या माणसाने दिलेला शब्द म्हणजे वहीतला आकडा, तो बदलायचा प्रश्नच नव्हता.

पुण्याच्या फ्लॅटमध्ये पेटी कुठे ठेवणार, असं मी एकदा विचारलं. ते म्हणाले, "तथी बिल्डिंगच्या भिंती तापतात. तथचा आकडा भिंतीचा असन, हवेचा नाही." मला त्या क्षणी इतकं वाईट वाटलं की सांगता येत नाही. माझे वडील मी लहान असतानाच गेले. हे घर गेलं तर माझं काय काय जाईल, ते मला नीट कळत होतं.

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात एक दिवस थोडं निवळलं. काकाजींनी फळ्यावर लिहिलं: ११.४. महिन्यातला सगळ्यात चांगला आकडा होता, पण दहाच्या वरच. ते दूध आणायला गेले. काकू चुलीपाशी. मी फोन हातात धरून फळ्यासमोर उभी राहिले. आणि मी बोटाने ११ पुसलं. खडू उचलला आणि तिथे ७ लिहिला.

७.४.

फोटो काढायचा, स्टेटसला लावायचा आणि लगेच परत ११ करायचं, असा माझा बेत होता. एका दिवसाची थाप. पाहुणे आले की पुढचं थंडी बघून घेईल. पण फोटो लावेपर्यंत कॉलेजला नेणाऱ्या ऑटोवाल्याने हॉर्न वाजवला, त्या दिवशी माझी पर्यवेक्षणाची पाळी होती, आणि मी तशीच पळाले. अर्ध्या वाटेत आठवलं. ऑटो परत फिरवायचं धाडस झालं नाही.

दुपारपर्यंत माझ्याच फोनवर चार जणांनी तोच फोटो फिरवून पाठवला. "बुलढाणा गारठले! ७.४!" संध्याकाळी मी धावतच घरी आले. फळ्यावर ११.४ होतं, काकाजींच्या टपोऱ्या अक्षरात. काकाजी ओटीवर फोन घेऊन बसले होते, पुढ्यात एक कागद. सकाळपासून खोल्या मागणाऱ्यांची नावं होती त्यावर. शनिवार, रविवार, पार संक्रांतीपर्यंत चारही खोल्या भरतील एवढी. ते एकेकाला फोन लावत होते.

"जय भीम. डोंगरावरून बोलून राह्यलो. तुमी सकाळी फोन केलता ना, तो आकडा चुकला. सात नाही, अकरा हाय... हाव, अकरा पॉइंट चार... माही नजर चुकली बाप्पा. मोतीबिंदू हाय डोळ्यात, अकराचे सात दिसले. आता सांगा, येता का?"

मी ओटीच्या पायरीवर उभी. ते माझ्याकडे बघून म्हणाले, "ये पोरी. पाह्य कसा घोटाळा झाला. परत पेटीशी जाऊन पाह्यलं म्हणून कळलं."

त्याच वेळी मी बोलायला हवं होतं. मी बोलले नाही. त्यांना खरंच वाटतंय की त्यांच्याच हातून झालं, असं मनाशी म्हणत मी खोलीत गेले आणि दार लावून घेतलं. वाचून झाल्यावर काकाजी नळी तिरपी करून आतली, रात्रीच्या सगळ्यात कमी आकड्यावर अडकून राहिलेली सुई पुन्हा जागेवर आणत, मग सकाळचा आकडा पुसला जाई. म्हणजे परत जाऊन ते बघणार काय? हा प्रश्न मला त्या दिवशी पडायला हवा होता. पडला नाही, कारण मला तो पडायला नको होता.

त्या कागदावरचे बहुतेक जण गळाले. "अकरा तं आमच्याइथीबी होते कधी कधी," म्हणून मोकळे झाले. वडनेर भोलजीचं एक कुटुंब मात्र आलं. नवरा-बायको, दोन पोरी आणि एक म्हातारी आजी. त्यांनाही काकाजींनी फोन केला होता, तर तो नवरा म्हणाला, "आता स्वेटर घेऊन ठेवले ना काकाजी. कुठी घालू ते? येतोच." आले, आणि दोन दिवस अंगणात उन्हात ते पाच नवेकोरे स्वेटर घालून घामाघूम होऊन बसले. आकडा बाराच्या वर. जाताना काकाजींनी त्यांना पाटीप्रमाणे चिठ्ठी दिली. चिठ्ठीवर नाव, गाव आणि खाली, "एक थंडी देणे आहे." तशीच दुसरी प्रत त्यांनी स्वयंपाकघरातल्या खिळ्याच्या तारेला अडकवली. त्या हिवाळ्यात जे थोडेफार पाहुणे आले त्या सगळ्यांच्या चिठ्ठ्या त्या तारेत होत्या.

संक्रांत झाली. काकूंनी तिळगूळ केला, आणि दुसऱ्या दिवशी ताई गाडी घेऊन आली. काकूंची कपड्यांची पेटी भरून तयार होती. ओटीवर चहा झाला आणि ताईने सरळ विषयाला हात घातला.

"बाबा, आता नाही म्हणू नका. घर भरलं नाही. आणि डोळ्यांचं तर मला सगळं कळलंय. अकराचे सात दिसले तुम्हाला! उद्या घाटातली गाडी दिसली नाही म्हणजे?"

मी उठून उभी राहिले. "ताई, तो आकडा..."

"मॅडम," काकाजी मध्येच म्हणाले, "तेवढी चिठ्ठ्यायची तार आना बरं आतून."

"काकाजी, आधी मला..."

"आधी तार."

मी आत जाऊन खिळ्यावरची तार काढून आणली. काकाजींनी ती ताईच्या समोर ठेवली. चौदा चिठ्ठ्या होत्या. ताईने एक वाचली, दुसरी वाचली.

"हे काय आहे?"

"शब्द म्या तुले देल्ला, यायचं म्हणून. तो शब्द पाळतो. पण या लोकायले त्याच्या आधी देल्ला, फाटकावर लेहून. त्यायची थंडी द्याची बाकी हाय. ते चुकतं केलं, की कोणत्याबी गाडीत बसव मले."

"बाबा, ते लोक विसरलेही असतील."

"ते विसरले असतीन. म्या लेहून देल्लं हाय ना."

ताई आईकडे वळली. तिला खात्री होती की दोन स्वेटर आणि कानटोपीतली आई तरी आपल्या बाजूने बोलेल. मलाही होती. काकूंनी गुडघ्यावर हात टेकले, "माय वं" म्हणत उठल्या, आत गेल्या आणि भरलेल्या पेटीतून आपली शाल काढून अंगावर घेऊन बाहेर आल्या.

"माहे गुडघे पुण्यातबी दुखतीन. तथी कोणाले सांगू? इथी निदान हा माणूस त्यायचाबी आकडा इचारते." मग नवऱ्याकडे बघून म्हणाल्या, "आन चौदा घरची थंडी अर्धी टाकून कशी जाऊ मी?"

ताईने कपाळावर हात मारला. मग तिला हसू फुटलं, आणि हसता हसता डोळे पुसत ती म्हणाली, "पुढच्या थंडीत ऑपरेशन. शब्द द्या." काकाजींनी दिला.

थंडी आली ती त्यानंतर सहा दिवसांनी. कुणीही न बोलावता, एकदम. सकाळी काकाजींनी पेटी उघडली, बराच वेळ वाकून राहिले, मग मागे वळून गमछा सोडला आणि हसले. ६.९. फळ्यावर लिहायच्या आधी त्यांनी मलाच सांगितलं, "फोन लाव पोरी. सगळ्यायले लाव. म्हण, उद्या-परवा थंडी हाय, येजो."

चौदापैकी नऊ घरं त्या दोन-तीन दिवसांत आली. वडनेरचे जीप करून आले, तेच स्वेटर घालून. दुसऱ्या दिवशी साडेआठला सगळे दहा पावलं मागे उभे होते. त्यांच्या आजीने सहज सुस्कारा टाकला आणि तोंडासमोर वाफेचा लोट निघाला. ती घाबरली. मग तिने पुन्हा फुंकून बघितलं. "बाई! माह्या तोंडातून धूर निघून राह्यला!" नातींचा हात धरून ती म्हातारी फू फू करत अंगणभर फिरली. काकाजी पेटीजवळून बघत होते. श्वास तिकडे सोडा, असं त्या दिवशी ते कुणालाही म्हणाले नाहीत. ती दहा पावलांच्या पलीकडे होती, हेही खरंच.

राहिलेल्या पाच घरांची थंडी त्यांनी पुढच्या हिवाळ्यावर टाकली आणि ताईला तसं कळवलं. पुढच्या हिवाळ्यात अजून दोन चिठ्ठ्या वाढल्या. ताईने मग चिठ्ठ्यांबद्दल विचारणं सोडून दिलं.

ऑपरेशन मात्र ठरल्याप्रमाणे झालं, डिसेंबरात, खामगावला. काकाजी आणि काकू चार दिवसांसाठी खाली गेले. जाताना त्यांनी पेटीची किल्ली आणि लाल वही माझ्या हातात दिली. त्या वहीला तोपर्यंत कुणीही हात लावलेला मी पाहिला नव्हता. त्यांनी मला चार-चारदा बजावलं: नाकाला रुमाल बांध. डोळा नळीच्या समोर आन, वरून पाहू नको. आधी वही, मंग फळा. आन काही झालं तरी नोंदीत खाडाखोड करायची नाही. चुकलं तं शेऱ्यात लेह्याचं.

वहीत रकाने होते. तारीख, कमाल, किमान, दव, मागच्या वर्षी याच तारखेला, आणि शेरा. मागच्या वर्षीचा रकाना भरायला जुनी वही उघडावी लागत होती. ती कपाटात बुद्धाच्या मूर्तीखालच्या कप्प्यात होती. पहिले तीन दिवस मी तेरा, चौदा, साडेतेरा उतरवले. चौथ्या दिवशी जुन्या वहीत पान उलटलं, आणि तो दिवस समोर आला.

किमान: ११.४. निळ्या शाईत, सुबक, दशांश चिन्हासकट. त्या पानावर एकही खोडलेलं अक्षर नव्हतं. त्यांना अकराचे सात दिसले नव्हते. साडेआठला त्यांच्या डोळ्यांनी बरोबर अकरा पॉइंट चार वाचलं होतं आणि वहीत लिहिलं होतं. आधी वही, मंग फळा. म्हणजे दूध घेऊन आल्यावर फळा बघताक्षणी त्यांना कळलं होतं. सात कुणाचा, तेही. फळ्यापाशी त्या सकाळी दुसरं कुणी नव्हतंच.

पुढे शेऱ्याचा रकाना. तीस वर्षं धरणावर आणि दहा वर्षं इथे, ज्या माणसाने खोटा शून्यही लिहिला नाही, त्याने तिथे लिहिलं होतं, "फळ्यावरील आकडा चुकीचा. निरीक्षकाची नजरचूक." आणि खाली सही.

मी ती वही मांडीवर घेऊन किती वेळ बसले ते आठवत नाही. नाश्त्याला थांबलेले दोन पाहुणे खोकून खोकून दमले.

काकाजी दुपारी आले. एका डोळ्यावर हिरवी पट्टी, वर काळा चष्मा. उतरल्या उतरल्या म्हणाले, "आज किती?" मी आकडा सांगितला. "दव?" तेही सांगितलं. ते ओटीवर बसले, काकू आत गेल्या, आणि मी जुनी वही त्यांच्यासमोर उघडी धरली.

"काकाजी, तो सात मी लिहिला होता."

"हाव."

"तुम्हाला माहीत होतं."

"तुह्या सातची शेपूट लांब असते."

"मग इथे खोटं कशाला लिहिलंत? ताई तुमच्या डोळ्यांवरून बोलली, तुम्ही ऐकून घेतलं. सगळ्यांना फोन करून स्वतःची चूक म्हणून सांगत बसलात. इथे माझं नाव लिहा. हे खोडा."

हात पुढे करून त्यांनी वही मिटली.

"नोंदीत खाडाखोड करत नसतात."

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठला ते मला पेटीशी घेऊन गेले. डोळ्याला पट्टी होती, आणखी आठ दिवस आकडा मीच वाचायचा होता. मी नाकाला रुमाल बांधला, दार उघडलं, डोळे नळीच्या समोर आणले. काही दिसेना. सगळं धूसर झालेलं. मी रुमालाआड हुंदके देत उभी राहिले आणि बाजूला काळा चष्मा लावलेले काकाजी ऐकत होते.

"रडायचं असन तं दहा पावलं मांगं जा, पोरी," ते हळूच म्हणाले. "आकडा बिघडते."

मी दहा पावलं मोजून मागे गेले. पोटभर रडून परत आले. तोवर ते पेटीसमोर नाकातोंडाला गमछा बांधून, श्वास रोखून, माझी वाट बघत उभे होते.